लग्नपत्रिका छापून घेणे : नवशिक्यांसाठी

लग्न ठरले की घरात कामांची वाटणी होते. कार्यालय आणि केटरर वडील बघतात, साड्या आई आणि दोन्ही मावश्या बघतात, दागिने आजी बघते आणि बाकीचे नुसते बघत राहतात. मग कोपऱ्यात मोबाइल चाळत बसलेल्या एखाद्या काकाला किंवा मामाला सांगितले जाते, "पत्रिकेचं तेवढं तू बघ." ही मार्गदर्शिका त्या माणसासाठी आहे. त्याला वाटते की काम सोपे आहे. दुकानात जायचे, कार्ड पसंत करायचे, नावे द्यायची, आठ दिवसांनी गठ्ठे घेऊन यायचे. असे वाटणे हेच नवशिकेपणाचे पहिले लक्षण.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. लग्न कधी आणि कुठे आहे हे कळवायला कोणी पत्रिका छापत नाही. ते सगळ्यांना साखरपुड्याच्या संध्याकाळीच व्हॉट्सॲपवर कळलेले असते. पत्रिका हातात पडली की माणूस आधी स्वतःचे नाव शोधतो, मग ते कोणाच्या खाली आहे ते पाहतो, मग कोणाकोणाचे नाव गळले आहे ते मोजतो आणि एवढे करून सवड उरली तर वधूचे नाव वाचतो. तेव्हा तुम्ही निमंत्रण छापत नसून भावकीची अधिकृत ज्येष्ठता यादी प्रसिद्ध करत आहात, असे समजून पुढे वाचावे.

साहित्य : एक दोनशेपानी वही. पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको, कारण पेनाने खोडलेले नाव तसेच दिसत राहते आणि ज्याचे खोडले तोच नेमका वही चाळतो. चालू वर्षाचे कालनिर्णय, आणि लग्न डिसेंबरनंतर असेल तर पुढच्या वर्षाचेही. कार्यालयाच्या पावतीची झेरॉक्स. दोन्ही घरांतली एकेक आत्या, स्मरणशक्ती शाबूत असलेली. सख्खी नसल्यास चुलत चालते.

पायरी पहिली : तारीख

कार्यालयाची पावती हातात आल्याशिवाय छपाईचा विषय काढू नये. पूर्वी आधी मुहूर्त निघायचा आणि मग कार्यालय शोधत हिंडायचे. आता कार्यालय रिकामे असेल तो दिवस घेऊन गुरुजींकडे जायचे आणि त्या दिवसातून मुहूर्त काढून आणायचा. चातुर्मासात लग्ने होत नसत, पण त्या काळातलेही गौण मुहूर्त आता पंचांगात मिळतात, त्यामुळे 'मुहूर्तच नाही' ही सबब नवऱ्या मुलाने विसरावी.

मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांनी असेल तर ती ३७ मिनिटे श्रद्धेने छापावीत. मंगलाष्टके एक वाजून गेल्यावर सुरू होतील हे यजमानांना, गुरुजींना आणि पाहुण्यांना सारखेच माहीत असते; पण पत्रिकेत 'दुपारी साधारण एकच्या सुमारास' असे छापले तर त्या घरात शिस्त नाही असे बोलले जाते.

तारखेशेजारचा वार मात्र कालनिर्णय समोर ठेवून ताडून पाहावा. याला कारण आहे. प्रेसवाला तुमचा मजकूर कोऱ्या पानावर टाइप करत नाही. मागच्या गिऱ्हाइकाची पत्रिका संगणकावर उघडतो आणि तिच्यावर तुमची नावे बसवतो. मागच्यांचे लग्न रविवारी असेल तर तो रविवार तुमच्या पत्रिकेत मुक्कामाला राहतो. क्वचित मागच्यांचे कुलदैवतही राहते, आणि ती चूक वारापेक्षा महाग पडते.

पायरी दुसरी : दुकान

मुंबईकराने गिरगावात खाडिलकर रोडला जावे. पुणेकराने अप्पा बळवंत चौकाच्या आसपास फिरावे. बाकी महाराष्ट्रात तालुक्याच्या कोणत्याही बाजारपेठेत मालकाच्या दैवताचे नाव लावलेले एक ऑफसेट असतेच. कुठेही जा, पण एकट्याने जा. बरोबर तिघे गेले तर चार कार्डे पसंत पडतात.

दुकानदार अल्बमांची चळत समोर टाकतो आणि बजेट विचारतो. खरा आकडा सांगू नये, कारण तो तिथूनच वर चढायला सुरुवात करतो. नमुन्याच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला दर हा कोऱ्या कार्डाचा आणि पाकिटाचा असतो. छपाई वेगळी, दुसऱ्या रंगाची आणखी वेगळी, पाकिटावरच्या नावाची वेगळी, आत सरकवायच्या जादा पानाची वेगळी. हे सगळे वहीत मांडून बेरीज दुकानातच करावी. घरी जाऊन केलेली बेरीज घरच्यांना आवडत नाही.

छपाईबद्दल तीन गोष्टी कळल्या तरी पुरे. गडद रंगाच्या कागदावर ऑफसेटची शाई दिसत नाही, तिथे स्क्रीन प्रिंटिंग किंवा सोनेरी फॉइलच लागते. फॉइलमध्ये बारीक अक्षर घेतले तर अनुस्वार बुजतो आणि रफार उडतो, म्हणून अक्षर ठसठशीत घ्यावे. आणि मरून कागदावरचे सोनेरी अक्षर दुकानातल्या दिव्यांत कितीही राजेशाही दिसले तरी घरी ट्यूबलाइटखाली आजोबा ते कार्ड तिरपे करतात, उजेडाकडे धरतात आणि शेवटी विचारतात, "कोणाचं रे लग्न?"

कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात. झेरॉक्सचा साधा कागद सत्तर-ऐंशीचा, पत्रिकेचे कार्ड अडीचशे-तीनशेचे. एवढ्या जाड कागदाला घडीच्या जागी आधी क्रीझ मारून घ्यावी लागते, नाहीतर घडीवर रंग तडकतो आणि ती तडक वरच्या गणपतीच्या सोंडेतून जाते.

सुका मेवा, चांदीचा गणपती आणि उघडल्यावर सनई वाजणारी चिप असलेल्या पेटीबद्दल विचाराल तर ती पत्रिका नव्हे. ती दिवाळीची भेट आहे. द्यायची असेल तर दिवाळीत द्यावी.

संख्येबद्दल. माणसे मोजू नयेत, घरे मोजावीत. हजार पाहुण्यांना हजार पत्रिका लागत नाहीत. आलेल्या आकड्यात पन्नास मिळवावेत आणि ते आत्ताच छापावेत. ऑफसेटमध्ये खरा खर्च प्लेट बनवण्याचा आणि मशीन लावण्याचा असतो. मशीन फिरू लागल्यावर पुढच्या शंभरांना जवळजवळ कागदाचेच पैसे पडतात. नंतर 'अजून पन्नास हव्यात' म्हणून गेलात तर मशीन पुन्हा लावावे लागते आणि पन्नासांना पहिल्या शंभरांइतके मोजावे लागतात. आणि तुम्ही जाणारच, कारण ऑफिसातल्या जुन्या साहेबांची आठवण गठ्ठे घरी आल्यावर होते.

पायरी तिसरी ते नववी : नावे

इथे घाई करू नये. बाकीच्या सगळ्या पायऱ्यांना मिळून जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट इथे लागतो.

सुरुवात देवांपासून होते आणि भांडणही. वराकडची कुलस्वामिनी तुळजापूरची, वधूकडची कोल्हापूरची, आजोबांचे खंडोबा, आईचे स्वामी समर्थ, काकांचे गजानन महाराज, शिवाय ग्रामदैवत. सगळ्यांना 'प्रसन्न' करत गेलात तर वधूवर पत्रिकेच्या खालच्या तिसऱ्या भागात सापडतात. ज्यांच्याकडे पत्रिकेच्या माथ्यावर बुद्ध आणि बाबासाहेब असतात किंवा जोतिबा आणि सावित्रीबाई असतात, त्यांचे निदान वरच्या चार ओळींचे काम लवकर आटपते.

मग वधूवरांची नावे. शाळेच्या दाखल्यावर असतील तशीच लिहावीत. का ते शेवटी सांगतो. घरातले नाव छापायचा आग्रह झाला तर 'बंटी' हे कंसात, लहान अक्षरात. पदव्या छापाव्यात की नाही यावर दोन मते आहेत. माझे मत विचाराल तर छापू नयेत, पण तुमच्या हातात ते नाही. एका बाजूने बी.ई. छापले की दुसरी बाजू एम.एस. छापते, मग पहिली बाजू कंपनीचे नाव घालते, आणि लग्नाच्या आधीच दोन पगार कागदावर समोरासमोर उभे राहतात.

आजी-आजोबांच्या नावांपुढे 'कै.' की 'श्री.' हे त्याच सकाळी खात्री करून लिहावे. आमच्या माहितीतल्या एका घरी नावांची ओळ एक घर खाली सरकली आणि हयात आजोबांच्या नावाला 'कै.' चिकटले. आजोबांनी ती पत्रिका जपून ठेवली आहे आणि कोणी उलट बोलले की दाखवतात.

वरमाय किंवा वधूमाय विधवा असेल तर एखादे वडीलधारे माणूस हळू आवाजात सुचवते की निमंत्रक म्हणून थोरल्या दिरांचे नाव घालू. अशा वेळी खोडरबर खिशात घालावे आणि आईचे नाव पहिल्या ओळीत लिहावे. मूल तिने वाढवले आहे. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. ठराव गावाने केला, पण तो पाळायचा की नाही हे पत्रिकेच्या कच्च्या मजकुरात ठरते. विनोद करायची ही जागा नाही, म्हणून पुढे जाऊ.

निमंत्रक, विनीत, स्नेहांकित, शुभेच्छुक, व्यवस्थापक. एवढे रकाने कशासाठी, असे नवशिक्याला वाटते. हे रकाने मानपानाच्या पायऱ्या आहेत. सख्खे चुलते निमंत्रकात, चुलत चुलते विनीतमध्ये, ज्यांच्याशी बांधाचा दावा चालू आहे ते स्नेहांकितमध्ये. जे खरोखर राबणार, मांडवाच्या दिवशी रात्रभर खुर्च्या मोजणार, ते व्यवस्थापकात. तिथे नाव लागले की पदरचे पेट्रोल जाळून कामे करायची असतात, त्यामुळे त्या रकान्यात यायला कोणी भांडत नाही.

मामांना वेगळा रकाना द्यावा. मामाने अंतरपाटाच्या वेळी मागे उभे राहायचे असते, तो रुसला तर कार्य अडते. किती मामा आहेत ते आत्याला न विचारता आईला विचारावे.

गावाकडची पत्रिका असेल तर राजकारण आले. आजी आमदार, माजी आमदार, कारखान्याचे चेअरमन, सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे संचालक. सगळ्यांच्या आधी 'मा.' लावावे, कोणाच्याही आधी 'माजी' लावू नये. आजी आणि माजी आमदारांची नावे एकाच ओळीत, एकाच आकारात, मध्ये समान अंतर ठेवून बसवावीत. तरी डावीकडचा पहिला वाटतो. त्यावर 'नावे वर्णानुक्रमे आहेत' अशी तळटीप काही जण टाकतात. तिच्यावर विश्वास ठेवणारा माणूस अजून भेटला नाही, कारण कोणत्या नावाच्या आद्याक्षराने क्रम लावायचा, आडनावाच्या की पहिल्या, हे तुम्हीच ठरवलेले असते.

सर्वांत खाली चिमुकल्यांची रांग. आपल्या काकाच्या किंवा मावशीच्या लग्नाला यायचं हं, असे बोबडे आमंत्रण त्यांच्या नावाने छापण्याची चाल आहे. आमंत्रण देणाऱ्यांत एक तीन महिन्यांचा असतो आणि एक अकरावीत. अकरावीतल्याला विचारून घ्यावे.

या सगळ्यातून सुटायचा एक मार्ग म्हणजे नावे न घालता 'समस्त परिवार' एवढी एकच ओळ छापणे. जागा वाचते, पैसे वाचतात आणि सगळे सारखेच रुसतात. मला हा मार्ग पसंत आहे, कारण त्यात निदान समता आहे.

पायरी दहावी : मजकूर

मजकूर नव्याने लिहायचा मोह होईल. कविता सुचेल. आवरावी. स्वपरिवारे, इष्टमित्रांसह उपस्थित राहून वगैरे जो ठरलेला मजकूर आहे तो कित्येक लग्नांतून घासून गुळगुळीत झाला आहे आणि कोणी वाचत नाही. त्यात चूक निघाली तरी दिसत नाही. नव्या मजकुरातली चूक लगेच दिसते.

'आहेर आणू नये' हे छापायचे तर मनापासून छापावे. ते छापूनही मांडवात वहीपेन घेऊन आहेराच्या टेबलावर कोणाला तरी बसवणारी घरे आहेत.

पायरी अकरावी : प्रूफ

पूर्वी छापखान्यात खिळे जुळवून गॅलीचे ओले प्रूफ हातात देत, त्याची शाई बोटांना लागायची आणि चूक सापडली की कंपोझिटर चिमट्याने अक्षर उपटून दुसरे बसवायचा. मराठी छपाईला सोवळ्याचाही इतिहास आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत छापखाना काढला तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला शिवत नसत. त्यांनी तुपाची शाई वापरल्याचे सांगतात. आता शाई कशाची आहे हे कोणी विचारत नाही. सोवळे नावांच्या क्रमात आले आहे.

आता प्रूफ व्हॉट्सॲपवर येते, रात्री साडेअकराला, आणि खाली लिहिलेले असते : 'ओके कळवा'. हे ओके म्हणजे सही समजावी. ते पाठवल्यावर निघालेली प्रत्येक चूक तुमची.

तुम्ही मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवलेला असतो. प्रेसमध्ये बहुधा जुना फाँट चालतो, श्रीलिपी किंवा तसलाच दुसरा. एकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरे फुटतात. 'वऱ्हाड' मधला अर्धा र, 'श्रद्धा' मधला द्ध, 'कुऱ्हाडे' हे आडनाव, असल्या जागी बोट ठेवून पाहावे. त्यातून मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बरोबर लिहिलेले असतील तर ऑपरेटर आपल्या सवयीने ते सुधारून चूक करतो.

प्रूफ घरच्यांनी वाचू नये. घरच्यांना नावे पाठ असतात, त्यामुळे कागदावर काहीही असले तरी ते बरोबरच वाचतात. शेजारच्या, कुटुंबातले कोणीही न ओळखणाऱ्या माणसाला ते मोठ्याने वाचायला सांगावे आणि आपण वही घेऊन बसावे. फोन नंबर वाचून पाहण्याऐवजी लावून पाहावेत. कार्यालयाच्या नकाशाचा क्यूआर कोड छापलेल्या कागदावरून स्कॅन करावा, पडद्यावरून नव्हे. सोनेरी फॉइलमध्ये छापलेला कोड चमकतो छान, पण मोबाइलला तो वाचता येत नाही. त्याच नावाची दोन लॉन्स एकाच रस्त्यावर असली तर नावापुढे खूण लिहावी. मग सगळे झाल्यावर प्रूफ आत्याला दाखवावे. ती एक नाव राहिल्याचे सांगेल. ते घालायला जागा नसते. घालावे.

प्रेसवाल्याने वधूवरांच्या वयाचा दाखला मागितला तर चिडू नये. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ प्रमाणे मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षे पूर्ण असावा लागतो आणि त्याहून लहान वयाच्या लग्नाला हातभार लावणाऱ्यालाही शिक्षा आहे. अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर अनेक ठिकाणी प्रशासन छापखान्यांना वय पाहूनच पत्रिका छापायला बजावते. दाखला न मागणाऱ्या प्रेसपेक्षा मागणारा बरा.

बाकीची छपाई

पाहुण्यांच्या खोल्यांचे फलक, गाडीवरचा स्टिकर, आहेराची पाकिटे, जेवणाची कुपने. यात फार लक्ष घालू नये, कोणीतरी पुतण्या करतो.

मंगलाष्टकांचे मात्र बघावे लागते. प्रत्येक घरात एक काकू असते जी स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हणते आणि तिला ती छापून वाटायची असतात. वृत्त शार्दूलविक्रीडित, चरणाला एकोणीस अक्षरे. दोन्हीकडच्या सर्वांची नावे एकोणीस अक्षरांत बसवताना काकूने 'श्रीनिवास'चा 'निवास' केलेला असतो; त्याला हात लावू नये, काकू अक्षरे मोजून बसलेली आहे. तुम्ही एवढेच करा, की टाइप मोठा घ्या. ते कागद गर्दीत, अक्षतांच्या माऱ्यात, चष्मा पिशवीत राहिलेल्या माणसांनी वाचायचे असतात.

मोबाइलवर पाठवायची पत्रिका पीडीएफ किंवा चित्र म्हणून घ्यावी. एपीके नावाची फाइल पत्रिका म्हणून आली तर ती उघडू नये आणि नातेवाइकांनाही सांगावे. त्या नावाखाली मोबाइलमध्ये घुसून बँक खाती रिकामी करणारे आहेत. पत्रिका कधीही एपीके नसते.

वाटप

पहिली पत्रिका देवापुढे. पुण्यात कसबा गणपती, बाकीच्यांनी आपापला. दुसरी कुलदैवताला, तिसरी मामाला. कोपऱ्याला कुंकू लावताना बोट ओले असू नये, ते पसरून नेमके तारखेवर जाते. पाकिटावर 'सहकुटुंब, सहपरिवार' लिहायचे की नुसतेच नाव, याचा निर्णय आधी घ्या. पाकीट उघडण्यापूर्वी माणूस तेच वाचतो. हातोहात पत्रिका द्यायची तर दिवसाला पाच-सहा घरांच्या वर होत नाहीत, कारण प्रत्येक घरी चहा होतो आणि तिसऱ्या घरी पोहेही. कुरिअरने पाठवली तर फोन करावा लागतो. दोन्ही केले तरी एक जण म्हणतोच की मला पत्रिकाच नाही मिळाली. त्याला वाद न घालता दुसरी द्यावी. त्या पन्नासांतली.

आता दाखल्यावरच्या नावांचे कारण. विवाह नोंदणी करायला जाल तेव्हा नोंदणी कार्यालयात इतर कागदांबरोबर लग्नपत्रिका मागतात. ती नसली तर प्रतिज्ञापत्र करावे लागते. नवरा परदेशात नोकरीला असेल तर व्हिसाच्या फायलीतही ती लागते. तिथल्या कारकुनाला आमदार कोणत्या ओळीत आहेत, कुलस्वामिनी कोणाची वर आहे, कागद किती जीएसएमचा आहे, यातले काहीही नको असते. तो दाखल्याशी जुळणारे नाव, तारीख आणि स्थळ एवढेच पाहतो. तेव्हा गठ्ठा सुटला की पहिल्या पाच पत्रिका, देवाच्याही आधी, कपाटात कुलपात ठेवा. लग्नानंतर त्या कुठे शोधूनही मिळत नाहीत.